साक्षीदार भयभीत आहेत, असं लिहा

“साक्षीदार भयभीत आहेत, असं लिहा मॅडम.”

“सर, ते भयभीत नाहीत.”

“पोलिसाविरुद्ध बोलायचं म्हटल्यावर माणूस घाबरणारच. त्यात विचारायचं काय?”

“मी विचारून आलेय सर. त्यातली मुख्य साक्षीदार बाई आहे. ती अजिबात घाबरलेली नाही. उलट ‘कधी बोलवताय’ म्हणून ती माझ्याच मागे लागली आहे.”

साहेबांनी, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी, चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर मोबाइलवर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू होता. घाटाच्या पायथ्याशी उभा टेम्पो, खाकी वर्दीतला पाठमोरा माणूस आणि टेम्पोतून कान धरून खाली ओढला जाणारा बोकड. कोणा पर्यटकाने मोटरसायकलवरून जाताना काढलेला. आदल्या दिवसापासून जिल्हाभर फिरत होता.

“मॅडम, लोकांना आज कारवाई हवी आहे. तुमची विभागीय चौकशी संपेपर्यंत लोक व्हिडिओ विसरतील, पण मला वरून फोन आज येतायत.”

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होते, महाड-पोलादपूर भागात. आता रिटायर होऊन महाडलाच राहते. हे प्रकरण कुठल्या चौकीचं ते लिहीत नाही, माणसांची पदंच लिहिते. घाट म्हटला की आमच्याकडे लोकांना आंबेनळी आठवतो. हा तो नव्हे. हा एक आडबाजूचा, अरुंद घाट. वर धनगरवाडे, खाली चौकी, आणि चौकीत एक सहायक फौजदार. नोकरीची पंचवीसेक वर्षं झालेला. त्याला सगळे मामा म्हणायचे. मीही इथे मामाच म्हणते.

मामाची पद्धत साधी होती. वाड्यावरची माणसं शेळ्या, म्हशी पाळतात. बकरी ईदच्या आधी, शिमग्याला, बोकड टेम्पोत घालून महाडला आणतात. मामा टेम्पो थांबवायचा. कागद दाखव. गाडीचे कागद असले तर जनावरांचा डॉक्टरी दाखला दाखव. तोही असला तर टेम्पोत जनावरं जास्त भरलीत. काहीतरी निघायचंच. मग म्हणायचा, “एक उतरव.”

बोकड चौकीच्या मागच्या झाडाला बांधला जायचा आणि संध्याकाळपर्यंत हायवेवरच्या कुठल्यातरी हॉटेलात पोचायचा.

वाचकांना वाटेल, लाचलुचपतवाल्यांना कळवायचं होतं. त्यांचं काम सापळ्यावर चालतं. तक्रारदाराने द्यायच्या नोटांना पावडर लावतात. नोट घेणाऱ्याचे हात द्रावणात बुडवले की पाणी रंगतं, आणि तो पुरावा होतो. बोकडाला पावडर लावून काय उपयोग? आणि दुसऱ्या दिवशी तो बोकड दाखवायला असतो कुठे?

आधीही तक्रारी आल्या होत्या. प्रत्येक वेळी तक्रारदार चार दिवसांनी येऊन “गैरसमज झाला” असं सांगून गेला. मामा ठाण्यात हसून सांगायचा, “आपली माणसं हायत, रागावतात आनि विसरतात.”

मग ठकूबाईच्या मुलाचं झालं.

ठकूबाई साठीची. नवरा नाही. वरच्या वाड्यावर शेळ्या आणि दोन म्हशी. मुलगा बाबू तिशीतला, एमआयडीसीत कंत्राटी कामगार. बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचा, सुट्टीला वर जायचा. त्या दिवशी मायलेक टेम्पो भाड्याने करून बोकड खाली आणत होते. मामाने गाडी अडवली. “एक उतरव,” म्हणाला. बाबू म्हणाला, “नाय उतरवत. पावती फाडा.”

पावती हा शब्द मामाच्या कानाला सहन झाला नाही. त्याने बाबूला चौकीत नेलं आणि डाव्या कानावर मारलं. एकदा नव्हे. ठकूबाई दारात उभी होती. टेम्पोवाला तिच्या मागे. कानाचा पडदा फाटला.

तिने तक्रार दिली. प्राथमिक चौकशी माझ्याकडे आली. प्राथमिक चौकशी म्हणजे तक्रारीत तथ्य आहे का, एवढंच आधी बघायचं.

मी वाड्यावर गेले. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे नुसती चढण. माझ्याबरोबरची महिला शिपाई निम्म्यात बसली. ठकूबाईच्या अंगणात पोचले तेव्हा तिने आधी ताक दिलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

“तू त्याच्याच खात्यातली ना गो बाय?”

“हो.”

“मग लिवशील का बोलते तसं?”

“जसंच्या तसं.”

तिने सांगितलं. कुठे उभी होती, मामा कुठे होता, कुठल्या हाताने मारलं, बाबू कसा भिंतीला टेकला. एकही गोष्ट वाढवून नाही. मी विचारलं, पुढे चौकशीत त्याच्यासमोर हे सांगावं लागेल, चालेल?

ती हसलीसुद्धा नाही. “तळीयेला दरड आली त्या पावसात आमी गुरांसंगं गोठ्यात बसून व्हतो. डोंगर वाजतोय का त्ये ऐकत. आनि ह्या माणसाला मी भिऊ?”

टेम्पोवालाही तेव्हा बोलला. घाबरत बोलला, पण बोलला. बिरवाडीतल्या डॉक्टरांनी कानाचा दाखला दिला.

मी अहवालात तीन गोष्टी मागितल्या. मामाला निलंबित करा. मारहाणीचा गुन्हा नोंदवा. आणि लगेच विभागीय चौकशी लावा, जिला आम्ही डीई म्हणतो. साक्षीदार बोलायला तयार आहेत, असंही स्पष्ट लिहिलं.

डीई म्हणजे खटला नव्हे, हे लोकांना माहीत नसतं. कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. डीईत, असंच घडलं असणार असं समंजस माणसाला पटलं, तरी पुरतं. म्हणून खटला न चालवताही भ्रष्ट पोलिसाला घरी पाठवता येतं. त्यात अन्याय नाही. नोकरी सरकारची आहे, ती कोणाला द्यायची ते सरकार ठरवणार. अट एकच, त्याला आरोप सांगायचे, साक्षीदार त्याच्यासमोर आणायचे, त्याला उलट प्रश्न विचारू द्यायचे.

यालाही एक अपवाद आहे. घटनेचं कलम तीनशे अकरा, त्यातला दोन-बी. चौकशी घेणं व्यवहारात शक्यच नसेल, तर कारणं लेखी नोंदवून थेट बडतर्फ करता येतं. साक्षीदाराच्या जिवाला खरोखर धोका असतो, तेव्हासाठी ते कलम आहे. मी त्या कलमाच्या विरोधात नाही. काही ठिकाणी दुसरा इलाजच नसतो.

इथे इलाज होता. डोंगरावर बसून वाट बघत होता.

पण माझा अहवाल पोचला आणि पाठोपाठ तो व्हिडिओ फिरायला लागला, आणि आता साहेब म्हणत होते, भयभीत आहेत असं लिहा.

“सर, हा आदेश मॅटमध्ये टिकणार नाही,” मी म्हटलं. मॅट म्हणजे सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण. “ते पहिला प्रश्न विचारतील, कोण साक्षीदार घाबरला? कशावरून?”

“ते पुढचं पुढे.”

“आणि तो परत आला तर?”

“मॅडम, तुम्ही चौकशी चांगली केलीत. आता उरलेलं माझ्यावर सोडा.”

“मी तसं लिहिणार नाही सर.”

“नका लिहू. दुसरं कोणी लिहील.”

लिहिणारे मिळतात. दोन दिवसांत आदेश निघाला. मामा बडतर्फ. ‘साक्षीदार भयभीत असून चौकशी घेणे व्यवहार्य नाही.’ पेपरांत साहेबांचा फोटो आला. धडाकेबाज, कर्तव्यकठोर वगैरे शब्द आले. मारहाणीच्या गुन्ह्याचं मी विचारलं तर उत्तर मिळालं, “नोकरीच गेली त्याची, आणखी काय हवं?” मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा मला सांगण्यात आलं की तुमच्याकडे दुसरी कामं नाहीत का.

बाजाराच्या दिवशी ठकूबाई माझ्या ऑफिसात आली. बाबू बरोबर होता. त्याने पेपरातली बातमी तिला वाचून दाखवली होती. मला वाटलं, पेढे घेऊन आली असेल.

“साक्षीदार म्हंजे मीच ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मी भ्याले असं कुनी लिवलं?”

मी समोरची फाइल बाजूला सारली.

“तू लिवलंस?”

“नाही ठकूबाई. मी तुम्ही तयार आहात असंच लिहिलं.”

“मग कुनी? मला इचारलं का कुनी? वाड्यावर आलं का कुनी?” तिचा आवाज चढला. बाहेरचे शिपाई डोकावले. “इतकी माणसं तक्रार मागं घेऊन गेली. मी नाय घेतली. आनि सरकार म्हनतंय ठकू भ्याली! माझी जाऊबाय हसते मला!”

बाबू म्हणाला, “आये, गेला ना तो. सोड आता.”

“तू गप रं. तुला एका बाजूनं ऐकू येत नाय, मला दोनी बाजूंनी येतं.”

मला तिच्यासमोर खुर्चीत बसून राहायची लाज वाटत होती. राग तर इतका आला होता की त्या दिवशी हाताखालच्या लोकांवर उगाच ओरडले. ती बाई काय मागत होती? कोणी तिला विचारावं, एवढंच.

मामा मॅटमध्ये गेला. वकील चांगला होता. त्याने माझाच अहवाल माहितीच्या अधिकारात काढून जोडला. त्यात मी लिहिलेलंच होतं, साक्षीदार तयार आहेत. न्यायाधिकरणाने सरकारी वकिलाला विचारलं, मग भयभीत कोण आहे? आदेश रद्द झाला. मामाला परत घ्या, मधला पगार द्या, हवी तर रीतसर चौकशी करा. न्यायाधिकरणाचं काही चुकलं नाही. मी त्या जागी असते तर हेच केलं असतं.

मामा परतला त्या दिवशी चौकीसमोर फटाके वाजले. हार घातलेला फोटो मोबाइलवर फिरला. खाली लिहिलं होतं, सत्याचा विजय.

साहेब तोवर बदलून गेले होते, बढतीवर. मुख्यालयातून एक अधिकारी मला फोनवर म्हणाले, “मॅडम, तुमच्या रिपोर्टमुळे सुटला तो.”

“माझ्या रिपोर्टप्रमाणे वागला असतात तर तेव्हाच गेला असता,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या नोकरीत वरिष्ठांचा फोन मी आधी ठेवला, तो तेवढाच.

या सगळ्यात बाबूचं काम गेलं. कंपनीत प्लांटचा भोंगा वाजला तो मशीनच्या आवाजात त्याला एका कानाने ऐकू आला नाही. सगळे बाहेर पळाले, हा आत काम करत राहिला. गळती किरकोळ होती म्हणून वाचला. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुझी जबाबदारी मी घेणार नाही. त्याचंही मला फार चुकलं असं म्हणता येत नाही. बाबूने बिरवाडीची खोली सोडली आणि वर शेळ्यांकडे गेला.

नव्या साहेबांनी मामाला निलंबित करून रीतसर डीई लावली. चौकशी अधिकारी दुसऱ्या विभागाचे उपअधीक्षक होते, शांत माणूस. पण मधला काळ वाया गेला होता आणि त्या काळात मामा हात बांधून बसला नव्हता. टेम्पोवाला आला आणि म्हणाला, “मी तोंड फिरवून उभा व्हतो. काय दिसलं नाय.” आधी मला दिलेल्या जबाबावर त्याची सही होती. सही माझी आहे, म्हणाला, पण वाचून नाही दाखवलं. मी स्वतः वाचून दाखवलं होतं. त्याच्या टेम्पोला रोज त्याच चौकीवरून जावं लागतं, हेही मला कळत होतं. ज्या भीतीचं नाव आदेशात आधीच लिहून ठेवलं होतं, ती आता खरोखर आली होती. आम्हीच तिला वेळ दिला होता.

उरली ठकूबाई. माझी साक्ष आधी झाली होती, म्हणून मला मागे बसू दिलं.

मामा समोर बसला होता, नवा शर्ट, कपाळाला टिळा. डीईत आरोप असलेल्या पोलिसाला मदतनीस घेता येतो. मामाचा मदतनीस आमच्याच खात्यातला रिटायर झालेला हेडक्लार्क. असल्या चौकश्या मोडून काढण्यात मुरलेला. ठकूबाई आत आली, खुर्चीच्या कडेला बसली. मामा तिच्याकडे एकटक बघायला लागला.

“असा बघू नको रे,” ती म्हणाली. “वळख हाय तुजी.”

चौकशी अधिकाऱ्यांनी मामाला खाली बघायला सांगितलं. तिने सगळं पुन्हा सांगितलं. वाड्यावरच्या अंगणात सांगितलं होतं तसंच, तितकंच.

मग मदतनीस उठला. गोड आवाज. “मावशी, तुम्ही ह्यांना घाबरता, बरोबर?”

“नाय.”

“पण सरकारी आदेशात तर लिहिलंय की तुम्ही घाबरलात. म्हणून तर आधी चौकशीच झाली नाही.”

“मी नाय लिवला तो कागद.”

“म्हणजे सरकार खोटं बोललं?”

मला वाटलं, संपलं. हो म्हणाली तर सरकारची साक्षीदार सरकारलाच खोटं ठरवते. नाही म्हणाली तर तिचं आधीचं सगळं खोटं. आणि ही कोंडी मामाच्या माणसाने केली नव्हती. ती आमच्या मुख्यालयाने त्याला आयती करून दिली होती.

ठकूबाई मदतनिसाकडे वळली.

“मी भ्याले नव्हते,” ती म्हणाली. “ज्यानं लिवलं त्यो भ्याला असंल. त्याला बोलवून इचारा.”

स्टेनो टाइप करायचा थांबला. मदतनीस म्हणाला, “सर, हे उत्तर वगळावं, अप्रस्तुत आहे.”

“तुम्हीच विचारलंत,” चौकशी अधिकारी म्हणाले. स्टेनोकडे वळून म्हणाले, “बाई बोलल्या तसंच घ्या. शब्द बदलू नका.”

मदतनिसाने आणखी बरंच विचारलं. कुठल्या हाताने मारलं, दारातून दिसतं का, उन्हाने डोळे दिपले नव्हते का. ती जागची हलली नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी चौकीत जाऊन दारात उभं राहून स्वतः बघितलं. दारातून सगळं दिसत होतं.

आरोप सिद्ध झाले. मामाला सेवेतून काढून टाकलं. एका बाईच्या साक्षीवर, एका डॉक्टरी दाखल्यावर, खटल्याशिवाय. या वेळी आदेश टिकला.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. मामाने वर अपील केलं. अपिलात आरोप कायम राहिले, पण ‘वय व प्रदीर्घ सेवा विचारात घेता’ शिक्षा कमी झाली. काढून टाकण्याऐवजी सक्तीची निवृत्ती. म्हणजे नोकरी गेली, पेन्शन राहिली. त्याची निवृत्ती तशीही जवळच आली होती. मधली वर्षं आम्हीच त्याला मिळवून दिली होती.

आणि मारहाणीचा गुन्हा? पोलिसाने वर्दीत केलेल्या कृत्यावर खटला भरायला कायद्यात मुदत ठरलेली आहे. ती मॅटच्या तारखांमध्ये निघून गेली. मी नव्या साहेबांना भेटले, सरकारी वकिलांना भेटले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

निकाल सांगायला मी पुन्हा वाड्यावर गेले. तेव्हा माझ्याही रिटायरमेंटला फार दिवस नव्हते. बाबू शेळ्या घेऊन वरच्या अंगाला गेला होता. ठकूबाईला मी सक्तीची निवृत्ती म्हणजे काय ते समजावलं.

“म्हंजे त्याला घरी बसून पगार?”

“पगार नाही. पेन्शन.”

“दर महिन्याला?”

“हो.”

“आन बाबूच्या कानाला काय?”

मी कायदा, मुदत, सगळं सांगायला सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं.

“नको सांगू. तू नाय केलंस.” मग म्हणाली, “पर त्या चौकीवर आता बोकड उतरवत नायत. नवा हाय तो नुसता कागद बघतो.”

एवढं झालं. ते कमी नाही, हे मला मान्य आहे. पण माझा राग गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. राग मामावर आहेच. त्याहून जास्त त्या साहेबांवर आहे, ज्यांनी फोटोसाठी एका धीट बाईला कागदावर भित्री केलं आणि बढती घेऊन निघून गेले. त्यांची कोणतीही चौकशी झाली नाही. ते लाच घेणारे नव्हते, सचोटीचे म्हणूनच ओळखले जात. तरी मामाला त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणाचा झाला नाही.

मला कधीमधी नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावतात. त्यांना मी एवढंच सांगते. भ्रष्ट पोलिसाला खटल्याशिवाय काढता येतं, जरूर काढा. मेहनतीशिवाय मात्र काढता येत नाही. डोंगर चढून जायचा कंटाळा केलात, तर तो माणूस हार घालून परत येतो, आणि त्याचा पगार तुम्हालाच काढावा लागतो.